बॉनेटखालची जागा

सावर्ड्याच्या पुलाअलीकडे माझं गॅरेज,
आणि गॅरेजात, गेले नऊ महिने,
सदुसष्टची मस्टँग.
बॉनेट काढून भिंतीला टेकवलंय.
आत, जिथे आठ सिलिंडर होते,
तिथून उजेड थेट जमिनीवर पडतो.

मूळ इंजिन कोपऱ्यात, गोणपाटाखाली.
ब्लॉकला तडा गेलाय. अजून अधूनमधून बोट फिरवून पाहतो,
कढईची चीर पाहावी तसा,
डाग देता येईल का.
नाही येणार.
असोळण्याच्या विहिरीचं मचूळ पाणी
वर्षानुवर्षं रेडिएटरात ओतत राहिला कायतान.
जगभरच्या समुद्रांवर फिरलेला माणूस,
त्याला मिठाची काय भीती!

बहारिनच्या बंदरात घेतली होती त्यानं ही,
कागदांशी तीन वर्षं भांडून बोटीवरून आणली.
तो गेला. पावत्या राहिल्या बिस्किटांच्या डब्यात,
आणि गाडी एर्मेलिंडाबायच्या अंगणात.

मग सल्ले सुरू झाले.

खुशाली म्हणाला, शारजाच्या भंगारात मिळतं,
अस्सल व्ही-आठ, तेच, दोनशे एकोणनव्वद घनइंच.
ते येईपर्यंत बायचे दागिने जातील
आणि माझे गुडघे.
मडगावचा रॉयस्टन, ज्याची नखं मी कधी काळी पाहिली नाहीत,
म्हणाला, नवं घाल. कॉम्प्युटरवालं. चारशे घोडे.
चारशे घोडे बांधू कुठे?
त्या रस्त्याला एक म्हैस आडवी बसली
की दुसऱ्या गिअरवरच जग संपतं.

आणि यार्डातले टिपर.
खाण थांबली तेव्हापासून उभे, चाकांतून घाणेरी फुललेली.
त्यांची डिझेल इंजिनं किलोच्या भावात.
त्यातलं एक मीच बांधलं होतं, रात्रभर जागून.
म्हटलं, त्याला तरी काम मिळेल.
पण वजन!
पुढची चाकं मिसेला बसल्यासारखी गुडघे टेकतील.

बांबूच्या काठीनं मी जागा मोजत राहिलो.
स्टिअरिंगपासून चार बोटं, पंख्यापासून वीत.
काहींची पत्रिका जुळायची, ऑइलचा सम्प अडायचा.

एर्मेलिंडाबाय दर शुक्रवारी यायची, दोन बस बदलून,
पिशवीत माझ्यासाठी पाव.
इंजिनाचं नाव नाही.
वाकून त्या रिकाम्या जागेत बघायची, विहिरीत बघावं तशी,
आणि तीनची बस पकडायची.

शेवटी मीच विचारलं, बाय, तुला हवंय काय?
वेग? अस्सल माल? त्याचा तो आवाज?

"आवाज नाका रे पुता.
तो वळणावर आला की शेजारी खिडक्या लावायचे.
म्हाका बाजारांत वचूंक जाय.
पेद्रूची रिक्षा आता संध्याकाळी येत नाही."

नऊ महिने मी घोडे मोजत होतो.

वेर्ण्याला एक ठोकलेली टोयोटा होती. तिचं चार सिलिंडरचं,
साधं, नीट खाणारं-पिणारं इंजिन.
बसवलं की दोन्हीकडे हातभर जागा उरेल.
उरली तर उरली.

काल टेम्पो आला. चेन-पुली लावली, इंजिन उचललं,
आणि पोरगा ओरडला, मेस्त, रे मेस्त, थांब!
बॅटरीच्या ट्रेमध्ये कापसाच्या चिंध्या,
त्यावर शेजारच्या शेवंतीची कोंबडी,
पोटाखाली सात अंडी,
आमच्याकडे बघतेय अशी
की आरसी बुकात तिचंच नाव आहे.

एकवीस दिवस.
या कामाला दुसरा पार्ट मिळत नाही.

बायला फोन केला. रागावेल वाटलं.
पलीकडे थोडा वेळ नुसतीच खरखर,
मग हसू, मग खोकला, मग पुन्हा हसू:
"आदीं आठ आशिल्ले न्ही?
एक उणें."

इंजिन खाली उतरवून जुन्या टायरवर ठेवलंय.
पोराला सांगितलंय, घण मारायचा तर मागच्या अंगणात.
दुपारी थोडे तांदूळ टाकले,
आणि हॉर्नची वायर काढून ठेवली.